रानात मोबाईल शिरल्यापासून : शिकार आणि समाजमाध्यमं

कातळसडा

नमस्कार मंडळी. विषय अडचणीचा आहे. कोकणात शिकारीबद्दल सगळ्यांना सगळं ठाऊक असतं, पण चारचौघांत कुणी बोलत नाही. आता मात्र तीच शिकार मोबाईलवर सगळ्या जगाला दिसायला लागली आहे, म्हणून हा धागा.

मी संगमेश्वर तालुक्यातल्या एका गावचा. आजोबांकडे परवान्याची ठासणीची बंदूक होती. त्यांच्या काळात मुंबई राज्याचा १९५१ चा कायदा होता आणि परवाना काढून शिकार करता यायची. मग १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि पुढे शिकार बंद झाली, म्हणजे कागदावर बंद झाली. शिमग्याच्या आगेमागे, किंवा भात पोटरीला आलं की डुकरासाठी, हाका, म्हणजे आरडाओरडा करून जनावर बंदुकीकडे हाकलणं, उठतच राहिला. मी याचं समर्थन करत नाही. जे होतं ते सांगतोय.

त्या शिकारीला गावाचा एक धाक होता. हाक्याला कोण जाणार, वाटेवर बंदूक घेऊन कोण बसणार, हे जाणती माणसं ठरवत. जनावर देवराईत शिरलं की पाठलाग तिथंच थांबायचा. पिल्लं बरोबर असलेली मादी सोडायची. जखमी जनावर रानात टाकून घरी यायचं नाही. काळोख पडला तरी रक्ताचा माग काढत जायचं आणि त्याला मारून वेदनेतून मोकळं करायचं. वाटे पडायचे ते बंदूकवाल्याचे, हाकेवाल्यांचे, कुत्र्यांचे, आणि ज्या घरात कर्ता पुरुष नाही त्या घराचेसुद्धा. सगळे सगळंच पाळत होते असं नाही. पण ज्याने मोडलं त्याला दुसऱ्या दिवशी त्याच लोकांसमोर पारावर बसावं लागे, आणि पुढच्या हाक्याला त्याला बोलावणं जात नसे.

आता गावच्या ग्रुपवर आलेल्या एका व्हिडिओबद्दल. पऱ्याच्या (ओढ्याच्या) पाण्यात कुत्र्यांनी डुक्कर धरलंय, त्याचा मागचा पाय मोडलाय. भोवताली मोबाईलचे दिवे. एकजण सुरा घेऊन पुढे होतो, तेवढ्यात मागून आवाज येतो, "थांब रे, मारू नको, मोबाईल आडवा धरूदे." मग दीडेक मिनिट ते जनावर तसंच किंचाळत राहतं. पोरं एकेक करून त्याच्या बाजूला उभी राहून घेतात. एकाला आपला चेहरा अंधारात गेला असं वाटतं, तो परत उभा राहतो. शेवटी त्यावर ढोलाचं गाणं चढवलेलं. खाली बदामांचा आणि आगीच्या चिन्हांचा पाऊस.

मला ते "थांब रे" सहन झालं नाही. जनावर लवकरात लवकर सुटलं पाहिजे, हा आमच्याकडे पोराला मिळणारा पहिला धडा होता. मोबाईलने नेमका तोच उलटा केला. जनावर जितकं उशिरा मरेल तितका व्हिडिओ चांगला!

मला वाटतं मूळ बदल इथं आहे. शिकार कुणासाठी करायची हेच बदललं. पूर्वी बघणारी माणसं गावची होती, त्यांना कान धरता येत होता. आता बघणारी माणसं कोण, कुठली, माहीत नाही. त्यांच्याकडून शाबासकी तेवढी मिळते, जाब कुणी विचारत नाही. तुमच्या भागात काय चित्र आहे? मोकळेपणाने लिहा, पण गावांची आणि माणसांची नावं टाळा.

सागवान

कातळसडा, चांगला धागा काढलात. मी वनखात्यातून निवृत्त झालोय, त्यामुळे कायद्याची बाजू आधी मांडतो.

ज्यांना वाटतं "एक डुक्कर तर मारलं", त्यांच्यासाठी : वन्यजीव कायद्यातली २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. सर्वसाधारण गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. घोरपड, खवले मांजर यांसारखा अनुसूची १ मधला प्राणी असेल, किंवा शिकार अभयारण्यात झाली असेल, तर किमान तीन आणि जास्तीत जास्त सात वर्षं कैद, शिवाय किमान पंचवीस हजार दंड. गाडी, बंदूक, बॅटरी, जाळं, सगळं जप्त. मोबाईलसुद्धा.

माझ्या नोकरीच्या सुरुवातीला खबर मिळायची ती माणसाकडून. कुणाचं तरी कुणाशी बिनसलं की आमच्याकडे चिठ्ठी येई. शेवटच्या काही वर्षांत खबर आरोपीच द्यायला लागले. स्टेटसला फोटो ठेवायचा, खाली गावाचं नाव, गाडीची नंबरप्लेट मागे दिसतेय. आमचा वनरक्षक चहा पिता पिता केस उभी करायचा.

पण केस उभी राहणं वेगळं आणि शिक्षा होणं वेगळं. कोर्टात पहिला बचाव ठरलेला : व्हिडिओ जुना आहे, परराज्यातला आहे, मी फक्त पुढे पाठवला. तारीख सिद्ध करा, जागा सिद्ध करा, प्राणी कोणता ते सिद्ध करा. मोबाईल न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जातो आणि तिथल्या रांगेत पडून राहतो. मांसाचा तुकडा हाती लागला तर हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेसारख्या ठिकाणी डीएनए तपासून प्राणी ओळखता येतो. नुसता व्हिडिओ असेल तर फार कष्ट पडतात. सहायक वनसंरक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्याने नोंदवलेला जबाब ग्राह्य धरता येतो, पण त्यासाठी तो आरोपीच्या समक्ष घेतलेला असावा लागतो. घाईत हेच राहून जातं. पोरं आठवड्याने जामिनावर सुटून येतात, आणि त्या सुटकेचीही रील होते. मला त्याचं फार वाईट वाटायचं. त्यांच्यापुरती शिक्षासुद्धा प्रसिद्धीच होऊन बसली होती.

करवीर

माझा थोडा वेगळा मुद्दा. मारलेल्या जनावराबरोबर फोटो काढायची हौस मोबाईलने आणलेली नाही. कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यातलं संग्रहालय पाहिलं असेल तर पेंढा भरलेले प्राणी आणि शिकारीचे फोटो आठवतील. आमच्याकडे तर चित्ते पाळून त्यांच्याकडून काळवीट धरायची पद्धत होती, चित्ता पारधी त्यासाठीच दरबारच्या चाकरीत होते. साहेब लोक आले की वाघावर पाय ठेवून फोटो ठरलेला.

भारतातल्या शेवटच्या चित्त्यांचं काय झालं, हे आपल्याला फोटोमुळेच माहीत आहे. १९४७ च्या सुमारास कोरिया संस्थानच्या (आजच्या छत्तीसगडमधलं) महाराजांनी एकाच रात्री तीन चित्ते मारले. त्यांचा फोटो मुंबईच्या बीएनएचएस या निसर्ग-अभ्यासकांच्या संस्थेकडे अभिमानाने धाडला गेला. पुढे १९५२ मध्ये चित्ता देशातून नामशेष झाल्याचं जाहीर झालं. मिरवण्यासाठी पाठवलेला तो फोटो आज पुरावा म्हणून उरलाय. तेव्हा "पूर्वी मर्यादा होती" हे मला सरसकट पटत नाही. गरिबाच्या शिकारीला मर्यादा होती. श्रीमंताच्या शिकारीला ती कधीच नव्हती.

कातळसडा

करवीर, शेवटचं वाक्य मान्य. पण म्हणूनच मला जास्त काळजी वाटते. राजाची हौस परवडणारे देशात किती होते? आता ती प्रत्येक वाडीतल्या पोराला परवडते. बंदूक शेजाऱ्याची, जीप मित्राची, मोबाईल स्वतःचा.

मॅडिसनकर

मी अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये राहतो. इथं शिकार कायदेशीर आहे आणि तिची संस्कृती जुनी आहे, म्हणून इथलं लिहितो. तुलना कितपत करायची ते तुम्ही ठरवा.

थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी बंदुकीने हरीण मारायचा नऊ दिवसांचा हंगाम सुरू होतो. गावंच्या गावं केशरी होतात, कारण भडक केशरी किंवा गुलाबी कपडा अंगावर असणं बंधनकारक आहे. १९७३ किंवा त्यानंतर जन्मलेल्याला शिकारीचं प्रशिक्षण घेतल्याशिवाय परवाना मिळत नाही. कामावरचे सहकारी आजोबांच्या काळापासूनच्या लाकडी खोपटात जाऊन राहतात. मीही एका सहकाऱ्याच्या खोपटावर जातो. बंदूक हातात घेत नाही, हरीण सोलायला आणि स्वयंपाकाला मदत करतो.

माझ्या सहकाऱ्याच्या वडिलांना सगळ्यात जास्त चुटपुट कशाची लागते, माहीत आहे? नोंदणी केंद्रांची. पूर्वी मारलेलं हरीण गाडीच्या मागच्या फळीवर टाकून गावातल्या केंद्रावर न्यावं लागे. केंद्र म्हणजे पेट्रोल पंप, खाटकाचं दुकान, नाहीतर दारूचा गुत्ता. तिथं हरणाला धातूची पट्टी लावली जायची. सगळं गाव गोळा झालेलं. म्हातारे लोक फळीपाशी येऊन आधी गोळी कुठं लागलीय ते बघत. पोटात लागली असेल तर पोराला तिथंच ऐकवत, की इतक्या लांबून का मारलीस, आणखी थांबला का नाहीस. नीट लागली असेल तर पाठीवर थाप. २०१५ मध्ये राज्याने नोंदणी फोनवर आणि ऑनलाइन केली. सोय झाली, पण फळीभोवतीची माणसं गेली. आता पोरं फोटो फेसबुकवर टाकतात. त्यात शिंगं दिसतात, हरणाची गोळी लागलेली बाजू पलीकडे वळवलेली असते.

वन्यजीव व्यवस्थापनाचे इथले आद्य प्राध्यापक आल्डो लिओपोल्ड विस्कॉन्सिन विद्यापीठात शिकवायचे. त्यांचं एक निरीक्षण आहे की शिकाऱ्याचं वागणं बघून टाळ्या वाजवायला किंवा नावं ठेवायला रानात कुणी नसतं, तिथं त्याला स्वतःच्या सद्सद्विवेकावरच चालावं लागतं. लिओपोल्ड १९४८ मध्ये गेले. आज प्रेक्षागृह शिकाऱ्याच्या खिशात आहे.

त्याचे परिणामही दिसतात. नेब्रास्कात धनुष्यबाणाच्या शिकारीचे व्हिडिओ टाकून प्रसिद्ध झालेल्या एका जोडप्याने २०२२ मध्ये बेकायदा शिकारीच्या कटाचा गुन्हा कबूल केला. आयडाहोच्या वन्यजीव आयोगाच्या एका सदस्याने २०१८ मध्ये नामिबियात मारलेल्या बबून माकडांच्या अख्ख्या कुटुंबासोबतचा हसरा फोटो मित्रांना ईमेलने पाठवला, आणि त्याला राजीनामा द्यावा लागला. त्याला जाब विचारला तो त्याच्याच आयोगावर पूर्वी काम केलेल्या शिकाऱ्यांनी, हे मला महत्त्वाचं वाटतं. वायोमिंगमध्ये २०२४ साली एकाने लांडग्याला बर्फावरच्या गाडीने जखमी केलं, तोंडाला पट्टी बांधून गुत्त्यात नेलं, फोटो काढले. दंड झाला २५० डॉलर. तो फोटो पसरला नसता तर प्रकरण तिथंच संपलं असतं.

म्हणजे उजेडाचा उपयोगही होतो. २०१५ मध्ये झिंबाब्वेत सेसिल नावाचा सिंह मारला गेला. त्याच्या गळ्यात ऑक्सफर्डच्या संशोधकांनी बसवलेला पट्टा होता. मारणारा शेजारच्या मिनेसोटातला दंतवैद्य. त्यावर जो गदारोळ उठला त्यानंतर डेल्टा, अमेरिकन, युनायटेड या विमान कंपन्यांनी अशी मुंडकी नेणं बंद केलं.

आणि शिकाऱ्यांमध्येच आता फूट आहे. मोंटानातले परिसरशास्त्रज्ञ मॅट रिनेला यांनी 'हंट क्वाएटली' नावाची मोहीम चालवली आहे. त्यांचं म्हणणं, शिकारीचे फोटो-व्हिडिओ टाकणं सोडा, त्यातून धंदा होतो, सार्वजनिक रानात गर्दी होते आणि रान नासतं. त्यांचे सख्खे भाऊ स्टीव्हन हे शिकारीवरचा मोठा माध्यम-उद्योग चालवतात! दुसरी बाजू अशी, की इथं वन्यजीवांसाठीचा पैसा परवान्यांतून आणि १९३७ पासून बंदुका-काडतुसांवर लागणाऱ्या करातून येतो. इथल्या केंद्र सरकारच्या पाहणीनुसार १९९१ मध्ये शिकारी १ कोटी ४१ लाख होते, २०१६ मध्ये १ कोटी १५ लाख. सरकारी खातीच नव्या माणसांना शिकारीकडे बोलावत असतात. त्यामुळे "फोटो टाकू नका" हे सगळ्यांना मानवत नाही.

राखणदार

मॅडिसनकर भाऊ, तुमच्याकडे हरणाला परवाना आहे. आमच्याकडे डुकराला मोकळीक आहे आणि शेतकऱ्याला कायदा.

मी सावंतवाडीकडचा. भात, नाचणी, सुरण, कणगर. एका रात्रीत डुकरांचा कळप उतरला तर कुणगा नांगरून ठेवल्यासारखा होतो. मी माळ्यावर बसून राखण करतो, पत्र्याचे डबे वाजवतो, फटाके लावतो. नुकसानभरपाईसाठी पंचनामा, फोटो, सातबारा, फेऱ्या. तेवढ्यात दुसरा कळप येऊन गेलेला असतो. पिकाची नासधूस करणाऱ्या डुकरासाठी रीतसर परवानगी मागायची तरतूद कलम ११ मध्ये आहे, पण वेळेत ती हातात पडणं कठीण.

आता मुद्दा. जे पोरगे रील टाकतात त्यांच्यातल्या एकाचीही शेती नाही. तीन-चार गाड्या शहराकडून येतात, टोपीवर लाइट, हातात महागडी बंदूक नाहीतर कुणाची तरी भाड्याने घेतलेली. मारायचं, फोटो काढायचे, मांस विकायचं. व्हिडिओ फिरला की खात्याचं धाडसत्र सुरू होतं ते आमच्या वाडीत, कारण परवान्याच्या बंदुका आमच्या घरात. आधीच दर निवडणुकीला बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागते. आता मधल्या वेळेलाही चौकशी. माझा बाप परवाना नूतनीकरणासाठी जिल्ह्याला गेला तर तिथल्या माणसाने त्याला मोबाईलवर कुणाचा तरी व्हिडिओ दाखवला आणि म्हणाला, "तुम्ही लोक असले धंदे करता." बाप काहीच बोलला नाही. घरी येऊन म्हणाला, "नको ती बंदूक. जमा करून टाक."

आणि खाली कमेंटा वाचा. पुण्या-मुंबईचे लोक लिहितात, "यांना गोळ्या घाला." एकदा माझ्या माळ्यावर एक रात्र काढा, मग लिहा.

पाड्यावरची

राखणदार दादा, तुमचा राग समजला. मला वेगळ्याच माणसांबद्दल लिहायचंय, ज्यांच्याकडे ना शेत आहे ना बंदूक.

मी रायगडमध्ये कातकरी वाड्यांवर शिक्षणाचं काम करते. कातकरी महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी समूहांपैकी एक. बाकीचे दोन कोलाम आणि माडिया गोंड. उंदीर, खेकडे, मासे, कधी ससा, कधी पाखरू, यावर त्यांची भूक भागत आली आहे. रानातल्या प्राण्याला हात लावला की कायदा लागतो हे त्यांनाही माहीत आहे, म्हणून ते गुपचूप असतं आणि थोडं असतं.

गेल्या काही वर्षांत इथे चॅनेलवाले येऊ लागले. 'आदिवासी जीवन', 'जंगलातलं जेवण' असे व्हिडिओ. मोटारसायकलवर दोघंजण येतात, मुलांना बिस्किटं, थंड पेय देतात, आणि म्हणतात, "तुम्ही कसं पकडता ते करून दाखवा ना." मुलं आनंदाने दाखवतात. त्यांचं कौतुक करणारं बाहेरचं माणूस सहसा कुणी येतच नाही. एका व्हिडिओत बारा-तेरा वर्षांचा मुलगा फास लावून दाखवतोय. फासाची दोरी दाताने ताणून गाठ मारतो, मग कॅमेऱ्याकडे बघून हसतो. चॅनेलवाल्याचा फक्त आवाज आहे, चेहरा नाही. मुलाचा चेहरा पूर्ण दिसतो, वाडीचं नाव शीर्षकात आहे.

पुढे काय झालं असेल ते सागवान काका सांगू शकतील. खात्याची माणसं वाडीवर आली. मुलाचा बाप कामावर वीटभट्टीवर होता. मुलगा दोन दिवस डोंगरात लपून बसला, शाळेत पुढे महिनाभर आला नाही. चॅनेलवाल्याने व्हिडिओ नंतर काढून टाकला, पण तोवर त्याला जे मिळायचं ते मिळालं होतं.

पारध्यांचा इतिहास आठवा. १८७१ च्या कायद्याने जमातच्या जमात गुन्हेगार ठरवली, १९५२ मध्ये तो शिक्का कायद्याने पुसला, पण पोलीस ठाण्याच्या मनातून आजही पुसलेला नाही. अशा समाजातल्या पोराच्या हातात फास आणि तो व्हिडिओ कायमचा इंटरनेटवर, याचा अर्थ त्याच्यासाठी काय होतो याचा विचार करा. जीपमधून येणाऱ्याची रील आणि या मुलाचा व्हिडिओ एकाच खटल्याच्या मापाने मोजले जाऊ नयेत असं मला मनापासून वाटतं.

सागवान

ताई, बरोबर आहे तुमचं. असं होतं, मी पाहिलंय. ज्याचा चेहरा दिसतो त्याला आधी धरलं जातं. शिकारीच्या व्याख्येत प्राण्याला सापळ्यात पकडणं आणि तसा प्रयत्न करणंही येतं. जो पैसे देऊन किंवा आमिष दाखवून ते करून घेतो, त्याच्यावर गुन्ह्याला चिथावणी दिल्याचं कलम लावता येतं. मात्र त्याचा माग काढायला सायबर शाखेची मदत लागते, आणि आमचा वनपाल तिथवर क्वचितच पोचतो.

डोंगरपोर

मी चोवीस वर्षांचा आहे, पाटण तालुक्यातला. इथं सगळे मोठे लिहितायत म्हणून एक आतली गोष्ट सांगतो.

आमच्या वयाच्या पोरांना गावात कुणी विचारत नाही. नोकरी नाही, लग्न जमत नाही. शिकारीचा एक व्हिडिओ टाकला की चार तालुक्यांतली पोरं "भाऊ" म्हणायला लागतात. माझ्या ओळखीचा एकजण आधी बैलगाडा शर्यतीचे व्हिडिओ टाकायचा, ते चालेनात म्हणून याच्यात शिरला. त्याला मांस आवडतसुद्धा नाही. आधी ससा टाकला, मग ससा कुणी बघेना, मग डुक्कर, मग मोठं डुक्कर, मग रात्रीची साळिंदर. प्रत्येक वेळी आधीच्यापेक्षा मोठं लागतं. तो थांबला तो कायद्याला भिऊन नाही. त्याच्या आईने बहिणीच्या मोबाईलवर तो व्हिडिओ पाहिला आणि आठ दिवस त्याच्याशी बोलली नाही. कातळसडा दादा, तुम्ही म्हणता तो गावचा धाक अजून पुरता गेलेला नाही, पण घरच्यांना रील दिसतच नाहीत. खाती वेगळी असतात, नावं वेगळी असतात.

दुसरं म्हणजे, याच मोबाईलवर मी पक्षी ओळखायला शिकलो. आता गावातली तिघं-चौघं पोरं माझ्याबरोबर सकाळी येतात, धनेश, नवरंग यांचे व्हिडिओ काढतात. त्याला बदाम कमी मिळतात, हे खरंय. घरट्याची जागा मात्र आम्ही कधीच टाकत नाही, कारण तिसऱ्या दिवशी तिथं दहा कॅमेरे येतात आणि मादी घरटं सोडते.

वणीकर

आमच्या यवतमाळची आठवण काढल्याशिवाय हा विषय पुरा व्हायचा नाही. टी-१ वाघीण. शहरातले लोक तिला अवनी म्हणत, राळेगाव-पांढरकवड्याकडची माणसं नुसतं "वाघीण" म्हणत. दोनेक वर्षांत तेरा माणसांचे जीव तिच्या नावावर लागले. कापसाच्या वेचणीला बाया जायला तयार नव्हत्या. सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वनखात्याच्या आदेशात हात घालायला नकार दिला, आणि २ नोव्हेंबरच्या रात्री बोराटीच्या बाजूला तिला गोळी लागली.

त्या दोन महिन्यांत मोबाईलवर दोनच गट होते. एका गटाला ती आई होती, दुसऱ्याला नरभक्षक. मारणाऱ्या नेमबाजाचे फोटो एकीकडे वीर म्हणून, दुसरीकडे खुनी म्हणून फिरत होते. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या चौकशीने त्या रात्रीच्या कार्यपद्धतीवर बोट ठेवलं, ते महत्त्वाचं होतं, पण तोवर ऐकणारं कुणी उरलं नव्हतं. ज्यांच्या घरचं माणूस गेलं त्यांचं म्हणणं त्या गदारोळात शेवटपर्यंत कुठं आलंच नाही. माझ्या मावशीच्या गावात एक घर आहे तसं. त्यांच्याकडे तेव्हा साधा बटणांचा फोन होता.

आणि आमच्याकडं खरी शिकार रीलमध्ये दिसतच नाही. कुंपणाच्या तारेत करंट सोडला जातो, डुकरासाठी म्हणून, आणि त्यात वाघसुद्धा मरतो. त्याचा फोटो कुणी काढत नाही. रात्रीतून खड्डा खणून पुरतात. म्हणून मला वाटतं, रीलवर राग काढताना जे दिसत नाही त्याच्याकडंही लक्ष राहू द्या.

कातळसडा

सगळ्यांचे मनापासून आभार. इतक्या मोकळेपणाने लोक लिहितील असं वाटलं नव्हतं.

वणीकर, तुमचं पटलं. मॅडिसनकर, ती हरणाची वळवलेली बाजू वाचून मी थबकलो. आमच्या व्हिडिओतही डुकराचा मोडलेला पाय शेवटच्या फोटोत दिसत नाही, पोरांनी त्यावर पाला टाकला होता. म्हणजे काय दाखवू नये हे त्यांना कळतं. लाज आहे त्यांच्याकडे.

गावात मी एवढं केलं. ग्रुपवर भांडण न करता त्या पोरांपैकी दोघांच्या घरी गेलो. एकाने दार लावून घेतलं. दुसऱ्याचे आजोबा जुने हाकेवाले, त्यांना व्हिडिओ दाखवला. त्यांनी तो आवाज बंद करून पुन्हा बघितला आणि नातवाला विचारलं, "सुरा तुझ्या हातात होता ना? मग वाट कुणाची बघत होतास?" पोराकडे उत्तर नव्हतं. शिकार बंद व्हायला हवी हे मी त्याला सांगितलंच, ते त्याला कितपत पटलं माहीत नाही. व्हिडिओ मात्र त्याने त्याच संध्याकाळी काढून टाकला. डोंगरपोर, तुझ्याबरोबर सकाळी येणाऱ्या पोरांबद्दल वेगळा धागा काढ. आमच्या वाडीतल्या पोरांना दाखवायला हवा आहे.

नवी_पालवी

पहिल्यांदाच लिहितेय. अशी रील समोर आली तर नेमकं काय करायचं? मी आजवर रागाने शेअर करत आले, खाली "अटक करा" लिहून.

सागवान

शेअर करू नका. त्याने त्याचे बघणारे वाढतात आणि तो सावध होऊन व्हिडिओ काढून टाकतो. कमेंटही नको. ज्या अकाउंटवरून रील टाकली त्याचं नाव, व्हिडिओची लिंक, तारीख टिपून ठेवा. पडद्याचे फोटो घ्या, त्यात गाडीचा नंबर, पाटी, देऊळ, धरण असं काही ओळखीचं दिसत असेल तर ते खास. मग १९२६ या हॅलो फॉरेस्टच्या क्रमांकावर कळवा, किंवा त्या भागाच्या वनक्षेत्रपालांकडे लेखी द्या. तुमचं नाव गुप्त ठेवायला सांगा. आठवड्याने पुन्हा विचारा, कारण पाठपुरावा झाला नाही तर असे अर्ज फायलीत पडून राहतात.

आणि पाड्यावरच्या मुलाचा चेहरा दिसणारा व्हिडिओ असेल, तर तक्रारीत पहिलं नाव चॅनेलवाल्याचं लिहा.